पहिलेपणाचा मान

मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका मुलीचा जन्म झाला. त्या विशाल रुग्णालयात रोज कितीतरी बालके जन्मास येतात. परंतु या मुलीच्या जन्माची वार्ता पाहता पाहता देशभर पसरली. तिचे नाव हर्षा. तिच्या जन्मामागे दोन संशोधकांचे परिश्रम उभे होते. एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा आणि दुसरे, परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार. 'भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी' म्हणून हर्षाचे नाव सर्वतोमुखी झाले आणि त्या दोघांच्या कीर्तीला पारावार उरला नाही.

पुढे अकरा वर्षांनी एक विलक्षण गोष्ट घडली. डॉ. आनंद कुमार यांनी एका शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला आणि जगाला सांगितले की, पहिलेपणाचा हा मान आमचा नव्हे. तो कलकत्त्याच्या एका डॉक्टरांचा आहे. ते डॉक्टर तेव्हा हयातही नव्हते. मान परत मागायला कोणी दारात उभे नव्हते, कोणी न्यायालयात गेले नव्हते. मग आनंद कुमारांनी असे का केले? हे समजण्यासाठी आधी तो शोध कोणता आणि शोधाची नोंद म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

'टेस्ट ट्यूब बेबी' हे नाव मोठे फसवे आहे. ते ऐकून पुष्कळांना वाटते की, काचेच्या नळीत मूल वाढवतात. तसे काही नसते. आईच्या शरीरात तयार होणारे स्त्रीबीज आणि पित्याकडून येणारे पुरुषबीज यांचा संयोग झाला म्हणजे गर्भाची पहिली पेशी जन्म घेते. एरवी हा संयोग आईच्या शरीरातच होतो. काही स्त्रियांच्या बाबतीत बीजाची ती वाट रोगामुळे बंद झालेली असते. अशा वेळी डॉक्टर स्त्रीबीज बाहेर काढतात, काचेच्या उथळ बशीत त्याचा पुरुषबीजाशी संयोग घडवून आणतात आणि गर्भ काही पेशींचा झाला की, तो आईच्या गर्भाशयात ठेवतात. काचेच्या बशीत गर्भ राहतो तो काही दिवस. पुढचे सारे महिने तो आईच्याच कुशीत वाढतो.

हे प्रथम साधले ते इंग्लंडमध्ये. रॉबर्ट एडवर्ड्‌स हे शास्त्रज्ञ, पॅट्रिक स्टेप्टो हे शल्यविशारद आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी या तिघांच्या प्रयत्नांतून २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम गावी लुईझ ब्राऊन ही मुलगी जन्मली. मात्र तो एका रात्रीतला चमत्कार नव्हता. मानवी स्त्रीबीजाचा संयोग शरीराबाहेर घडवता येतो, हे एडवर्ड्‌स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच 'नेचर' या प्रख्यात नियतकालिकात लिहून प्रसिद्ध केले होते. त्यांच्यावर टीकेचे आसूड ओढले गेले, सरकारी संशोधन मंडळाने पैसा नाकारला. तरी त्यांनी आपले काम पायरीपायरीने लिहून ठेवले. लुईझच्या जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत, १२ ऑगस्ट १९७८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचे एक छोटेखानी पत्र प्रसिद्ध झाले. पत्र लहान होते, पण त्याच्या पाठीशी जवळजवळ दहा वर्षांचे लेखन होते. ज्याला शंका असेल, त्याने मागची पाने उलटून पाहावीत. एडवर्ड्‌स यांना पुढे २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेप्टो आणि पर्डी त्या वेळी हयात नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्हांला प्रयोगवही लिहावी लागते. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोग करताना आनंद होतो. वही लिहिताना मात्र अनेकांना जांभया येतात. पण मोठ्या शास्त्रज्ञांनाही ही वही चुकलेली नाही. त्यांच्या वहीचेच घडवलेले रूप म्हणजे शोधनिबंध. आपण काय केले, कसे केले, किती वेळा केले, त्यातून किती वेळा ते फसले, हे सारे त्यात सांगावे लागते. संपादक तो निबंध त्या विषयातील जाणकारांकडे धाडतात. ते दोष काढतात, खुलासे मागतात. त्यांच्या कसोटीला उतरला तरच निबंध छापला जातो. मग दूरदेशीचा कोणी अनोळखी संशोधक तो वाचतो, तोच प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करून पाहतो, त्यात आपली भर घालतो आणि आपल्या निबंधात पहिल्याचा नावानिशी उल्लेख करतो. अशा उल्लेखांवरून एखाद्या संशोधकाचा प्रभाव किती, याचा अंदाज बांधण्याची रीत आहे. हे माप पुरते भरवशाचे आहे, असे मला वाटत नाही. ज्याचे लेखन कोणी वाचलेच नाही, त्याच्या बुद्धीचे मोल या मापात शून्यच भरणार!

आता कलकत्त्याकडे वळू. सुभाष मुखर्जी यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. कलकत्त्यास त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. प्रजननाच्या शरीरशास्त्रात त्यांना गोडी होती. त्या विषयात त्यांनी १९५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली आणि तेवढ्यावर न थांबता एडिंबरोस जाऊन १९६७ मध्ये दुसरी डॉक्टरेट मिळवली. परदेशात राहून सुखाने संशोधन करणे त्यांना अवघड नव्हते. पण ते मायदेशी परतले, अध्यापन करू लागले आणि मिळतील त्या मोजक्या साधनांनी आपले काम करत राहिले. शीतजीवशास्त्राचे जाणकार प्रा. सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे त्यांचे दोन साथीदार होते.

डॉ. सुभाष मुखर्जी यांची रीत इंग्लंडातील रीतीहून निराळी होती, आणि तिच्यातच त्यांच्या बुद्धीचे तेज दिसते. स्त्रीच्या शरीरात साधारणपणे महिन्याला एकच बीज पक्व होते. एडवर्ड्‌स आणि स्टेप्टो यांनी त्या एका बीजाचीच वाट पाहिली. डॉ. मुखर्जी यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे पक्व करून घेतली. एक फसले तर दुसरे हाताशी असावे, हा त्यातला हेतू. पण यात एक अडचण होती. ज्या महिन्यात ही औषधे दिली जातात, त्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर गर्भ स्वीकारण्यास अनुकूल राहीलच असे नसते. शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. उत्तम बियाणे घरात आले, पण रानात वाफसा नाही, तर तो काय करतो? बियाणे नीट जपून ठेवतो आणि वाफसा आला म्हणजे पेरतो. डॉ. मुखर्जी यांनी नेमके हेच केले. त्यांनी तयार झालेला गर्भ गोठवून ठेवला.

गोठवणे हे बोलायला सोपे आहे. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान वाढते, हे तुम्ही शिकला आहात. पेशीत पाणी असते. तिच्या आत बर्फाचे टोकदार कण तयार झाले तर पेशीचे नाजूक आवरण फाटून ती मरते. म्हणून डॉ. मुखर्जी आणि त्यांच्या साथीदारांनी पेशीचे रक्षण करणारे डायमिथाइल सल्फॉक्साइड हे रसायन वापरले. गोठवलेला गर्भ त्यांनी ५३ दिवस राखला, मग हलकेच पूर्ववत केला आणि पुढच्या एका नैसर्गिक पाळीत, वाफसा आला असता, मातेच्या गर्भाशयात ठेवला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यास मुलगी जन्मली. लुईझ ब्राऊनच्या जन्मास तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. दुर्गापूजेचे दिवस तोंडावर आले होते. मुलीला नाव मिळाले 'दुर्गा'.

या आनंदाच्या क्षणी जे व्हावयास हवे होते, ते झाले नाही. समाज काय म्हणेल, या धास्तीने मुलीच्या आईवडिलांनी आपली ओळख उघड होऊ दिली नाही. डॉक्टरांनी शासनाच्या आरोग्य खात्याला अहवाल सादर केला, तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने नोव्हेंबर १९७८ मध्ये एक चौकशी समिती नेमली. शंका घेणे यात काही वावगे नव्हते. एवढा मोठा दावा कोणी केला तर पुरावा मागणे हा शास्त्राचा धर्मच आहे. आणि पुराव्याच्या बाबतीत डॉक्टरांची बाजू काहीशी लंगडी होती, हेही मान्य केले पाहिजे. त्यांचे छापील लेखन या विषयावर अगदी थोडे होते. मानवी गर्भ दीर्घकाळ गोठवून ठेवणे शक्य आहे, अशा आशयाचे एक लहानसे टिपण तिघा साथीदारांच्या नावे 'इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स' या नियतकालिकात १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. क्रायोजेनिक्स म्हणजे अतिशीत तापमानाचे शास्त्र. हे नियतकालिक वैद्यकीय क्षेत्रातले नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या हाती ते कोठून पडणार?

पण समितीने जे केले, त्याला पुरावा तपासणे म्हणता येत नाही. समितीच्या प्रमुखपदी रेडिओ-भौतिकीचे अभ्यासक होते. अशा प्रयोगाचा प्रत्यक्ष अनुभव असलेला मनुष्य तिच्यात कोणी नव्हता. शंका असती तर प्रयोग पुन्हा करून दाखवण्यास साधने देता आली असती, पूर्ण वृत्तांत लिहिण्यास अवधी देता आला असता. त्याऐवजी दावा खोटा ठरवून समिती मोकळी झाली. जपानमधून व्याख्यानाचे निमंत्रण आले. जाण्याची परवानगी मिळाली नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोगांच्या एका संस्थेत करण्यात आली. ज्याने सारे आयुष्य प्रजननशास्त्राला वाहिले, त्याला डोळ्यांच्या संस्थेत पाठवणे म्हणजे सुताराला लोहाराच्या भट्टीवर बसवण्यासारखे होते! अवहेलना आणि एकाकीपण या दोहोंनी डॉक्टरांचे मन खचले. १९ जून १९८१ रोजी त्यांचा करुण अंत झाला. वयाची पन्नास वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती.

इकडे जगाचे काम थांबले नाही. १९८० नंतरच्या वर्षांत ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील संशोधकांनी संप्रेरके देऊन अनेक बीजे मिळवण्याची रीत रूढ केली. १९८३ मध्ये ॲलन ट्राउन्सन आणि लिंडा मोर या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी गोठवलेल्या गर्भापासून गर्भधारणा झाल्याचे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले, आणि १९८४ मध्ये त्या देशात अशा गर्भापासून झोई नावाची मुलगी जन्मली. यांतील कोणी डॉ. मुखर्जींचे काम चोरले, असे मुळीच नाही. त्यांना ते ठाऊकच नव्हते! आज जगभर गर्भ गोठवून योग्य पाळीत गर्भाशयात ठेवण्याची रीत सर्रास वापरली जाते. ती वाट डॉ. मुखर्जी आधी चालून गेले होते. पण त्यांची पावले कोणाला दिसली नाहीत, म्हणून इतरांना ती नव्याने शोधावी लागली. एका माणसाचा मान हिरावला गेला, हे दुःख तर आहेच. परंतु जे ज्ञान १९७८ मध्ये सर्वांच्या हाती पडू शकले असते, त्यासाठी आणखी पाच वर्षे थांबावे लागले, ही हानी कोणा एकाची नव्हे.

१९८६ मध्ये हर्षाचा जन्म झाला, तेव्हा मुंबईच्या संशोधकांनी आपल्या कामाचा वृत्तांत रीतसर प्रसिद्ध केला. त्यामुळे त्यांच्या दाव्याविषयी कोणी शंका घेतली नाही. कलकत्त्याची कथा मात्र विस्मृतीत जात होती. तपन सिन्हा यांचा 'एक डॉक्टर की मौत' हा हिंदी चित्रपट १९९० मध्ये निघाला. त्यातील डॉक्टर कुष्ठरोगावरील लशीचे संशोधन करतो. तरी कथेचे मूळ कोणाच्या जीवनात आहे, हे जाणणाऱ्यांनी जाणले. पण चित्रपट पाहून डोळे पाणावतात. त्याने शास्त्रीय दावा सिद्ध होत नाही.

१९९७ मध्ये डॉ. आनंद कुमार शास्त्रज्ञांच्या एका मेळाव्यासाठी कलकत्त्यास गेले. तेथे डॉ. मुखर्जींची संशोधनविषयक कागदपत्रे त्यांच्या हाती आली. पत्नी नमिता मुखर्जी आणि साथीदार सुनीत मुखर्जी यांनी डॉक्टरांची आठवण इतकी वर्षे जपली होती. आता तो ठेवा पारख करणाऱ्याच्या हाती पडला. आनंद कुमार स्वतः तीच वाट चाललेले होते. तिच्यातला कोणता चढ अवघड, कोठे पाऊल घसरते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी टिपणे बारकाईने तपासली. ती वाचून संपल्यावर गठ्ठा पुन्हा बांधून ठेवला असता, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. 'पुरावा अपुरा आहे' असे एक वाक्य लिहिले असते, तरी त्यांच्या पहिलेपणाला धक्का लागला नसता. पण ते दुर्गाच्या आईवडिलांना भेटले, त्यांच्याशी बोलले. साऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळल्या. त्यांची खात्री पटली.

मग त्यांनी लेखणी उचलली. बंगळूरहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या नियतकालिकाच्या एप्रिल १९९७ च्या अंकात त्यांचा लेख आला. भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार डॉ. सुभाष मुखर्जी होत, हे त्यांनी लेखाच्या मथळ्यातच सांगून टाकले. वृत्तपत्रात पत्र लिहून किंवा व्यासपीठावर भाषण करूनही हे सांगता आले असते. त्यांनी शास्त्रीय नियतकालिक निवडले, यात मोठे औचित्य आहे. ज्या दरबारात अन्याय झाला होता, त्याच दरबारात न्यायाची नोंद व्हावयास हवी होती. विद्वत्तेच्या क्षेत्रात दुसऱ्याचे श्रेय लाटणारे पाहण्यात येतात, आपले श्रेय राखण्यासाठी भांडणारे तर पुष्कळच. आपल्या हाती सुखरूप असलेले श्रेय पुरावा पाहून काढून देणारा संशोधक मात्र विरळा.

यामुळे मुंबईच्या कामाला उणेपणा आला असे समजू नये. हर्षाचा उल्लेख आजही भारतातील 'शास्त्रीय नोंद असलेली पहिली' टेस्ट ट्यूब बेबी असा करतात. डॉ. हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांनी घालून दिलेल्या पायावर या देशातील पुढचे बरेचसे काम उभे राहिले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही पुढे आपल्या लेखनात दोन्ही जन्मांची नोंद घेतली: १९७८ चा कलकत्त्याचा आणि १९८६ चा मुंबईचा. दुर्गा मोठी झाल्यावर डॉ. मुखर्जींच्या स्मरणार्थ झालेल्या एका समारंभात स्वतः होऊन लोकांसमोर आली. ज्या जन्माला समितीने थोतांड ठरवले होते, त्याची साक्ष देण्यास ती आपल्या पायांनी चालत आली होती.

डॉ. आनंद कुमार २०१० मध्ये निवर्तले. त्यांच्या लेखानंतर गर्भ गोठवण्याच्या इतिहासावर लिहिणारे संशोधक 'इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स'मधील १९७८ च्या त्या लहानशा टिपणाचा नावानिशी उल्लेख करू लागले.

स्वाध्याय

१. 'टेस्ट ट्यूब बेबी' हे नाव फसवे आहे, असे लेखक का म्हणतो?
२. शेतातील वाफसा आणि गर्भ गोठवून ठेवणे यांत लेखकाला कोणते साम्य दिसते?
३. एडवर्ड्‌स आणि मुखर्जी या दोघांच्या छापील लेखनात काय फरक होता? त्याचा परिणाम काय झाला?
४. तुम्ही त्या चौकशी समितीचे सभासद असता, तर डॉ. मुखर्जी यांना कोणते प्रश्न विचारले असते? चार प्रश्न लिहा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: सर्वतोमुखी होणे, पारावार न उरणे, कसोटीला उतरणे, मन खचणे, श्रेय लाटणे.